'प्रँक'ला 'खोडी' चालेल का?

अनुवादक: मुलांच्या गोष्टीत दोन पोरं दहाच्या नोटेला दोरा बांधून ती बोळात टाकतात आणि जोत्याआड लपतात. काका वाकले की नोट सरकते. 'पोरांनी काकांची खोडी काढली' असं केलंय. संपादक 'चेष्टा केली' म्हणतात.

गंगावेस: कोल्हापुरात सरळ 'काकांना खुळ्यात काढलं'! खोडीत समोरच्याला डिवचायचं असतं, कुणी डिवचलं ते त्याला लगेच कळतं. इथं काकांना पत्ताच नाही. विभक्ती पण बघा की, खोडी काढायची काकांची, खुळ्यात काढायचं काकांना.

शुद्धलेखनी: बोलीतलं ठीक, पण पुस्तक विदर्भातही वाचतील. 'चेष्टा' शुद्ध संस्कृत आहे, तोच ठेवा.

कसबा बावडा: संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल, धडपड. टिंगलीचा अर्थ आपण दिला. शुद्धच हवं तर 'मस्करी' आणि 'फजिती'ही सोडा, दोन्ही अरबीतून आलेत. मग 'मस्करीची कुस्करी' कशी म्हणायची? 'व्रात्य' बघा. अथर्ववेदाचं १५वं कांड व्रात्यांचं, स्मृतींत व्रात्य म्हणजे संस्कार न झालेला, आणि आज दारची कडी वाजवून पळणारं पोर. अर्थ वापरणारे ठरवतात.

शुद्धलेखनी: 'वात्रट' त्यातूनच आला असणार.

कसबा बावडा: मग शेवटचा 'ट' कुठनं आला ते दाखवा. नुसत्या उच्चारावरून व्युत्पत्ती लावू नये.

रंकाळा: माझा आक्षेप 'सरकते'ला आहे. नोटेला भोक पाडून दोरा ओवला तर ओढताना कोपरा फाटतो, म्हणून दोरा खालून चिकटपट्टीनं लावतात. शिवणाचा काळा दोरा, १५ फूट पुरे. मांजा अजिबात नको, बोट कापतं. फरशीच्या सांध्यात दोरा अडकतो, तेव्हा डांबरी बोळ बघायचा, वाहनं नसलेला. रस्ता ओला असेल तर नोट चिकटून बसते. पहिल्या वेळी वीतभरच ओढायची, म्हणजे वाऱ्यानं हलली असं वाटून माणूस पुन्हा वाकतो. तिथपर्यंत 'सरकते' बरोबर. दुसऱ्यांदा बोटं टेकता टेकता जोरात ओढतात, तिथं 'सरकते' लिहिलंत तर गंमतच गेली.

अनुवादक: मग 'हिसडा दिला'?

रंकाळा: हिसडा मारून धरलेला हात सोडवतात. दोऱ्याला हिसका.

गंगावेस: आमच्याकडं दोन्हीला हिसडाच म्हणतात.