मदत हवी आहे: मातीचा सामू (pH) 8.7, ऊस करपतोय. आधी जिप्सम की आधी निचऱ्याचा चर?

नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी आमचं 35 गुंठ्यांचं काळं रान आहे. वडिलांनी वीस वर्षं पाटपाण्यावर ऊस घेतला. आता मधल्या पट्ट्यात फेब्रुवारी लागला की वरंब्यावर पांढरं मीठ फुटतं, पानं शेंड्याकडून करपतात. खालच्या कोपऱ्यात मीठ दिसत नाही, पण ढेकळं दगडासारखी, पाणी मुरतच नाही आणि उगवलेल्या उसाला केवडा (पानं पिवळी पडतात).

माती तपासून आणली: सामू 8.7, ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप) 1.6, चुनखडी 12 टक्के. दुकानदार म्हणाले, ईसी 4 च्या आत आहे म्हणजे क्षार नाहीत, जिप्सम टाका. पण ही ईसी 1:2.5 द्रावणाची (एक भाग माती, अडीच भाग पाणी). 4 ची मर्यादा संपृक्त अर्काची (पाण्याने पुरत्या भिजलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) असते आणि त्यात आमचा आकडा बराच वर जाईल. शिवाय दोन्ही जागांची माती मी एकाच पिशवीत भरली होती, ती चूक माझीच.

मग दोन बरण्यांत दोन्हीकडची माती वेगवेगळी घेऊन पावसाचं पाणी घातलं, हलवून ठेवल्या. मधल्या पट्ट्याचं पाणी तासाभरात नितळ. कोपऱ्यातलं दुसऱ्या दिवशी सकाळीही गढूळ. म्हणजे पट्टा क्षारयुक्त आणि कोपरा चोपण (मातीला सोडियम जास्त चिकटलेला), असं मला वाटतं. बरोबर आहे का?

तसं असेल तर पट्ट्याला जिप्समचा उपयोग नाही, क्षार धुऊन बाहेर जायला हवेत. कोपऱ्याला जिप्सम हवं, पण त्यानं मातीतून सुटलेला सोडियम जाणार कुठे? ऑगस्टात तीन फूट खड्डा घेतला तर तळाला पाणी लागलं. चर काढायचा तर ओढा दोन रानं पलीकडे आणि मधले काका वाट द्यायला तयार नाहीत. जमीन त्यांचीही बिघडतेय, याचंच जास्त वाईट वाटतं.

मला विचारायचंय ते असं. निचऱ्याआधी जिप्सम टाकलं तर पैसे पाण्यात जातील का? चुनखडी एवढी असताना जिप्समऐवजी गंधक स्वस्त पडेल का? आणि जूनमध्ये धैंचा (हिरवळीचं खत) गाडून पुढची लावण 86032 ऐवजी फुले 265 या उसाच्या जातीची करावी म्हणतोय. क्षारपड रानात ती तग धरते असं ऐकलंय. चोपण कोपऱ्यात कुणी घेतली असेल तर फुटवे कसे आले, खोडवा टिकला का, तेवढं नक्की सांगा. सामूहिक चरासाठी शेजाऱ्यांना कुणी कसं राजी केलं, तेही लिहा.