कोजागरीची हाऊजी: चकत्या, बटवा आणि तिकिटं घरीच करायची आहेत

खाडीकाठ (प्रश्न)

वेंगुर्ल्याजवळच्या वाडीत कोजागरीला देवळाच्या सभामंडपात महिला मंडळाची हाऊजी (तंबोला) आहे. आज्या आणि मुलं धरून साठेक माणसं होतील. बाजारच्या सेटातल्या सोंगट्या इतक्या बारीक आहेत की पुकारणारीलाच आकडा दिसत नाही. कागदी तिकिटं परतीच्या पावसाच्या दमटपणाने मऊ पडतात, आणि पिनांना गंज चढून त्यांचे डाग तिकिटांवर उमटतात. म्हणून सगळा संच हाताने करायचं ठरलंय. मंडप तिन्ही बाजूंनी उघडा, वर पत्रा, समुद्र हाकेच्या अंतरावर.

१ ते ९० आकड्यांच्या चकत्या करवंटीच्या कराव्यात की लाकडाच्या? तिकिटं दरवर्षी वापरता येतील अशी कशी करायची? आणि पुकारलेल्या आकड्यावर खूण म्हणून काय ठेवावं, जे वाऱ्याने हलणार नाही?

रंधा

करवंटी दिसते सुरेख, पण हाऊजीला लाकूडच घ्या. करवंटीला बाक असतो, जाडीही सगळीकडे सारखी नसते. बटव्यात हात घातला की बोटांना जाड-पातळ कळतं, आणि मुद्दाम न शोधताही तीच तीच चकती हाताला लागते. शिवाय होल-सॉच्या (गोल चकती कापणाऱ्या पात्याच्या) मधल्या ड्रिलने प्रत्येक चकतीला भोक पडतं. नव्वद भोकं बुजवायचा उद्योग कोणी सांगितलाय?

२२ ते २५ मिलिमीटर जाडीची गोल लाकडी दांडी घ्या. चकती १० मिमीची आणि करवतीचा काप दीड मिमीचा धरला तर नव्वद चकत्यांना एक मीटर चार सेंटीमीटर लागतात. फुकट जाणाऱ्या धरून सव्वा मीटर आणा. प्रत्येक वेळी पट्टीने मोजून कापू नका, फरक पडतोच. दहा मिमीवर एक ठोकळा पक्का ठोका आणि दांडी त्याला टेकवून कापत जा. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर आणि शेवटी २२० चा. कडा जरा गोल करा, धारदार कडेला आधी टवका जातो.

आकडे मार्करने लिहू नका. वर चपड्याचं (लाखेचं) पॉलिश फिरवलं की शाई फुटते, कारण पॉलिशही स्पिरिटचं आणि शाईही स्पिरिटमध्ये विरघळणारी. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने आकडा डागून घ्या, तो कधीच जात नाही. नंतर पॉलिशचे दोन हात, दोन्ही तोंडांना आणि कडेलाही. एक बाजू कोरी राहिली तर दमट हवेत तीच पाणी ओढते आणि चकती फुगते.

इंग्रजी आकडे घातलेत तर प्रत्येक आकड्याखाली रेघ हवीच. सहा आणि नऊ सगळ्यांना आठवतात, पण अठरा-एक्याऐंशी, एकोणीस-एकसष्ट आणि अडुसष्ट-एकोणनव्वद याही जोड्या उलट्या धरल्या की एकमेकींसारख्या दिसतात. भांडणं होतात ती बहुतेक याच चकत्यांवरून.

लाखकामाच्या रंगीत चकत्या हव्या असतील तर सावंतवाडीच्या चितारआळीत विचारा. पांगाऱ्याचं लाकूड हलकं असतं, पण मऊ. चकत्या एकमेकींवर आपटून कडा दबतात, म्हणून पांगारा असेल तर जाडी १२ मिमी ठेवायला सांगा.

टाकाटिपण

बटवा साध्या चौकोनी पिशवीसारखा शिवू नका. दोन्ही कोपऱ्यांत चकत्या अडकतात आणि खेळ संपेपर्यंत वर येत नाहीत. तळ गोल हवा. १७ सेंमी व्यासाचा गोल कापा. एकेक सेंटीमीटर शिलाईत गेला की तळ १५ चा उरतो आणि त्याचा घेर ४७ सेंमी भरतो. म्हणून बाजूची पट्टी ४९ सेंमी लांब, २६ सेंमी उंच. नव्वद चकत्या तळाशी साधारण दोन-तीन बोटं थर करतात, वर ढवळायला हात मोकळा राहतो.

बाहेरून जाड सुती कापड, जुन्या नऊवारीचा काठ लावलात तर फारच छान. आतून सॅटिनचं अस्तर घाला, त्यावर चकत्या सरकतात. नुसत्या सुती पिशवीत त्या चिकटून बसतात, आणि दिव्यासमोर धरली तर आतले आकडेही दिसतात. नाडीच्या तोंडाला लोखंडी रिंगा नकोत, खाऱ्या हवेत वर्षभरात गंजतील. पितळी घ्या, नाहीतर काजासारखं हातानेच टिपा.

तीन_ओळी

तिकिटांबद्दल. नेहमी गडबड होते ती सहा तिकिटांचा एकच संच झेरॉक्स करून वाटल्यामुळे. मग तेच तिकीट दहाजणींकडे असतं आणि एका आकड्यावर दहा फुल हाऊस (तिकिटावरचे सगळे आकडे पूर्ण) उठतात. साठ माणसांना सहाचे दहा वेगवेगळे संच करावे लागतील.

नियम तसा सोपा आहे. तिकिटात ३ ओळी, ९ रकाने, प्रत्येक ओळीत ५ आकडे. पहिल्या रकान्यात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, असं करत शेवटच्यात ८० ते ९०. सहा तिकिटांत मिळून नव्वदही आकडे एकेकदाच यायला हवेत. आधी प्रत्येक तिकिटाच्या प्रत्येक रकान्यात एकेक आकडा टाका, चोपन्न संपले. उरले छत्तीस: पहिल्या रकान्याचे ३, मधल्या सात रकान्यांचे प्रत्येकी ४, शेवटच्याचे ५. ते वाटताना प्रत्येक तिकिटाला बरोबर सहाच जादा द्या, आणि एका रकान्यात तीनपेक्षा जास्त होऊ देऊ नका. ओळींत मांडणी सगळ्यात शेवटी करा. तीन आकड्यांच्या रकान्याला तिन्ही ओळी लागतात, म्हणून त्यापासून सुरुवात करा, नाहीतर एका ओळीत सहा आणि दुसरीत चार असं अडून बसतं. रकान्यात लहान आकडा वर, मोठा खाली.

घर २ सेंमीचं, म्हणजे तिकीट १८ बाय ६. आज्यांसाठी काही तिकिटं अडीच सेंमी घराची करा. जाड कागदावर लिहून १२५ मायक्रॉनचं मॅट लॅमिनेशन करा आणि चारही बाजूंना ४ मिमी प्लास्टिकची कड सोडूनच कापा. कागदाला लागून कापलं की कडेतून दमट हवा शिरते आणि आत काळी बुरशी धरते. पाठीवर अनुक्रमांक घाला. कोणता क्रमांक कुठल्या संचातला हे वहीत असलं की पडताळणी पटकन होते.

वेळेचाही अंदाज ठेवा. साठ तिकिटांत पहिलं फुल हाऊस साधारण सत्तराव्या आकड्याच्या आसपास लागतं. आकड्याला दहा सेकंद धरले आणि मधले जल्दी फाईव्ह (पहिले पाच आकडे), कॉर्नर (चार कोपरे), तीन लाईनी (एकेक पूर्ण ओळ) तपासण्याचा वेळ मिळवला, की एक डाव पंचवीस मिनिटांचा. मसाला दूध आटेपर्यंत तीन डाव आरामात होतात.

चिंचोका

खुणेला चिंचोकेच. पण अख्खे नकोत, घरंगळतात. मंद आचेवर कढईत भाजा, थंड झाल्यावर टरफल काढा आणि अडकित्त्याने दोन फाका करा. सपाट बाजू खाली बसते, मॅट प्लास्टिकवर घसरत नाही. माणशी पंधरा म्हणजे साठजणांना ९०० फाका, ४५० चिंचोके. फुटके-तुटके धरून अर्धा किलोच्या जवळपास घ्या. न भाजता डब्यात भरले तर भुंगा होतो आणि पुढच्या वर्षी नुसतं पीठ मिळतं.

गुंजा मात्र वापरू नका, कितीही सुंदर दिसल्या तरी. गुंजेची बी चावून पोटात गेली तर जीवावर बेतते, आणि मंडपात रांगती मुलं असतात.

पुकार

पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की सदतीस-सदुसष्ट, त्रेसष्ट-त्र्याहत्तर सारखेच ऐकू येतात. म्हणून आधी सुटे अंक, मग आकडा: "सहा-सात, सदुसष्ट." त्याच्या आधी आपल्याकडची ओळख लावली की रंग चढतो: सत्तावीस नक्षत्रं, गणपतीच्या पत्री एकवीस, अठरा पुराणं, चौसष्ट कला, विठोबाची युगं अठ्ठावीस. विलायतेत अठ्ठ्याऐंशीला दोन जाड्या बायका म्हणतात, ते आपल्या मंडळात आणायची गरज नाही.

पुकारणारी एक आणि काढलेली चकती फळीवर मांडणारी दुसरी. फळी ९ ओळी बाय १० घरं, घर साडेतीन सेंमी, म्हणजे ३५ बाय साडेएकतीस. ओळींमध्ये बारीक पट्ट्या ठोका, वाऱ्याने फळी हलली तरी चकत्या जागच्या जागी राहतात. दावा पुढचा आकडा पुकारायच्या आतच करायचा आणि चुकीचा दावा म्हणजे बोगी, ते तिकीट बाद. हे दोन्ही नियम पहिल्या डावाआधी मोठ्याने सांगा.

तिकिटाला पैसे आणि बक्षीस रोख, असं मात्र ठेवू नका. आपल्या राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. वर्गणीतून काजूगर, कोकमाच्या आगळाची बाटली, फणसपोळी, स्टीलचा डबा असं ठेवा. बायकांना तेच जास्त आवडतं.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. लाकूड, गोल तळ आणि भाजलेल्या फाका असं ठरलं. टाकाटिपण ताई, माणशी पंधरा फाका ठेवायला छोटी पिशवीही तशीच शिवायची का?

टाकाटिपण

हो, तशीच. तळ कापताना ९ सेंमी, म्हणजे शिवून ७. बाजूची पट्टी २४ बाय १२. बाहेरून चष्म्याचा एक उभा खिसा लावा, ८ बाय १६, वर थोडा बाहेर आलेला चालतो. आज्यांचा चष्मा मांडीवरून खाली पडतो आणि अंधारात कोणाच्या तरी पायाखाली येतो. उरलेल्या चिंध्या यातच वापरा.