पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या नळ्यांना घरी आवरण करायचे आहे: रबर, कापड की पाइप?

प्रश्नकर्ता
माझ्या मोटरसायकलचे पुढचे शॉकॲब्सॉर्बर नेहमीच्या रचनेचे आहेत, म्हणजे क्रोमची नळी वर आणि ॲल्युमिनियमचा पाय खाली. वर्षभरात डाव्या बाजूचे ऑइल सील (नळीभोवतीची, आतले तेल अडवणारी रबरी कडी) दोनदा बदलावे लागले आणि दुसऱ्या वेळी जुने सील काढले तेव्हा त्याच्या ओठात, म्हणजे नळीला टेकणाऱ्या आतल्या कडेत, वाळलेल्या चिखलाचे बारीक कण रुतलेले आढळले. नळीचा व्यास 41 मिमी आहे. पुढचे चाक अधांतरी असताना ती 150 मिमी उघडी राहते आणि पुस्तिकेनुसार शॉकॲब्सॉर्बरची चाल, म्हणजे तो जास्तीत जास्त दबण्याचे अंतर, 120 मिमी आहे. जुन्या टायरट्यूबचा तुकडा नळीवर चढवावा, की प्लास्टिकचा पाइप कापून बसवावा, याविषयी अनुभवींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १
आपण मापे दिलीत हे फार बरे झाले, कारण सगळा प्रश्न त्या दोन आकड्यांतच आहे. 150 मधून 120 वजा केले की शॉकॲब्सॉर्बर पूर्ण दबल्यावर खालचा क्लॅम्प (हँडलखाली नळ्यांना धरून ठेवणारी पकड) आणि पायाचा वरचा काठ यांच्यात केवळ 30 मिमी जागा उरते, आणि आपण जे काही बसवाल ते त्या जागेत मावले पाहिजे किंवा पायाच्या बाहेरून खाली सरकले पाहिजे.

पाइप वापरायचा असेल तर त्याचा आतला व्यास पायाच्या बाहेरच्या व्यासापेक्षा थोडा मोठा घ्यावा आणि तो खालच्या क्लॅम्पला टांगावा. चाक अधांतरी असतानाही पायावर 20 मिमी झाकण राहावे म्हणून लांबी 170 मिमी धरली, तर पूर्ण दाबात तो पाइप पायाच्या काठाखाली 140 मिमीपर्यंत उतरेल. तेव्हा मडगार्डचे बोल्ट आणि ब्रेकच्या होजची पट्टी त्याहून खाली आहेत ना, हे आधी पाहावे. मी स्वतः हे न पाहता पाइप बसवला होता आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात मडगार्डचा कान मोडून घेतला. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबली कुठे अडकत नाहीत, याचीही खात्री करावी.

उत्तर २
पाइपचा हिशेब बिनचूक आहे, परंतु केवळ सील वाचवण्यासाठी इतका खटाटोप मला अनावश्यक वाटतो. पाण्यात पोहण्याचे सूट ज्याचे करतात त्या निओप्रीनच्या 3 मिमी जाड कापडाची पट्टी आणि शिवलेला वेल्क्रो एवढ्यावर काम भागते. पट्टीचा खालचा भाग पायाच्या काठावर घट्ट बसतो आणि वरचा भाग डस्ट सीलवरून (ऑइल सीलच्या वरची, धूळ अडवणारी कडी) नळीला हलकेच टेकतो. 41 मिमी व्यासाच्या नळीचा परिघ सुमारे 129 मिमी भरतो. पायाचा परिघ अर्थातच जास्त असल्यामुळे आधी जाड कागदाचा साचा कापून पाहावा, कारण सरळ आयताकृती पट्टी वरच्या बाजूला सैल राहते आणि तिथूनच धूळ आत शिरते. वेल्क्रोसाठी 25 मिमी जादा कापड धरावे आणि जोड चाकाकडे नव्हे, तर बाजूला ठेवावा. कापड दुमडते, त्यामुळे 30 मिमीच्या जागेची काळजी फारशी उरत नाही.

टायरट्यूब मात्र टाळावी. ती ब्यूटाइल रबराची असते आणि सीलमधून तेल झिरपले की फुगून लिबलिबीत होते.

उत्तर ३
वरील दोन्ही उत्तरांत एक गोष्ट राहून गेली आहे: आवरण धूळ अडवते तसेच पाणीही कोंडते. क्रोमच्या थराला सूक्ष्म भेगा असतात आणि ओलावा त्यांतून खालच्या पोलादापर्यंत पोहोचला की नळीवर टोचल्यासारखे गंजाचे ठिपके येतात. असा एक ठिपका नवे सील फाडायला पुरेसा होतो. म्हणून निओप्रीनचे आवरण गाडी धुतल्यावर किंवा पावसात भिजल्यावर काढून वाळवावे. भात्यासारखे घड्या पडणारे रबरी आवरण वापरल्यास त्याला खालच्या बाजूला, मागच्या अंगाला, साधारण 3 मिमीचे छिद्र पाडावे. शॉकॲब्सॉर्बर दबताना आतली हवा बाहेर जायला वाट नसेल तर भाता फुगून आपल्या जागेवरून निसटतो. घड्या मिटल्यावर त्याची उंची 30 मिमीपेक्षा कमी भरते का, हेही मोजावे.

एक शंका विचारतो. दोन्ही वेळा डावेच सील गेले, मग उजवे शाबूत कसे राहिले? चिखल तर दोन्हीकडे सारखाच उडतो.

प्रश्नकर्ता
आपल्या शंकेमुळे आज डाव्या नळीवरून नख फिरवून पाहिले. खालच्या क्लॅम्पपासून अंदाजे 60 मिमीवर, पुढच्या बाजूला, दोन ठिकाणी नख अडकते. उजवी नळी गुळगुळीत आहे.

उत्तर ३
तर मग आवरणाचे काम तूर्त बाजूला ठेवावे. नळीवर जिथे नख अडकते त्या खड्ड्याभोवतीची उंच कड अतिशय बारीक पॉलिश पेपरने, पाणी लावून, अलगद उतरवावी. खड्डा लहान असल्यास इपॉक्सीने भरावा, पूर्ण वाळल्यावर नळीच्या गोलाईबरोबर घासून सपाट करावा आणि त्यानंतरच सील बदलावे. खड्डा मोठा असेल किंवा क्रोमचा पापुद्रा सुटत असेल तर नळी बदलणे किंवा तिला पुन्हा हार्ड क्रोम (क्रोमचा कठीण मुलामा) करून घेणे भाग आहे. गळके तेल ब्रेकच्या डिस्कवर आणि पॅडवर उतरू शकते, म्हणून तोपर्यंत गाडी बाहेर काढू नये.

उत्तर २
सहमत. दुरुस्तीनंतर नळीला एक पातळ केबल टाय सैलसर बांधून नेहमीच्या रस्त्याने फेरी मारावी. टाय जिथवर वर सरकेल तितकी चाल आपण प्रत्यक्षात वापरता, आणि त्या मापावरून निओप्रीनचा साचा कापणे सोपे जाईल.