मदत हवी आहे: अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये दोघंही ९-३ (नऊ विजय, तीन पराभव), मग एक १५वा आणि एक २०वा कसा? आणि सिट्रस बोलला जावं का?

नेपरव्हिलकर | ११ डिसेंबर २०२४

नमस्कार मंडळी, धागा लांबेल, पण प्रश्न खरा आहे आणि या आठवड्यात तिकिटांचं ठरवायचंय म्हणून सगळंच लिहिते.

लेक शँपेनला इलिनॉय युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला आहे. चारही वर्षं मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतेय, त्यामुळे आम्ही दोघं जमेल त्या शनिवारी गाडी काढून जातो. सुरुवातीला फक्त हाफटाइमला तिला शोधायचो, हळूहळू खेळही कळायला लागला आणि आता जीव अडकलाय. गेल्या वर्षी ५-७ झाले, सहा विजय नाहीत म्हणून बोल, म्हणजे सीझननंतरचा निमंत्रणाचा सामना, मिळालाच नाही, बँडची पोरं थँक्सगिव्हिंगनंतर घरी. यंदा ९-३! १९ ऑक्टोबरला मिशिगनला २१-७ हरवलं तेव्हा आम्ही स्टेडियममध्ये होतो, मेमोरियल स्टेडियमच्या शंभरीचा दिवस होता. १९२४ साली याच मैदानावर याच मिशिगनविरुद्ध इलिनॉयच्या रेड ग्रेंजने पहिल्या बारा मिनिटांत चार टचडाऊन केले होते. नंतर पोरं मैदानात धावली तेव्हा मला रडू आलं.

तर आता सिट्रस बोल मिळालाय, ऑर्लँडोला, ३१ डिसेंबरला, साउथ कॅरोलायनाशी. तेही ९-३. पण प्लेऑफसाठी, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीसाठी, टीम निवडणाऱ्या कमिटीच्या शेवटच्या यादीत ते १५वे आणि आम्ही २०वे. मिझुरीसुद्धा ९-३ आणि ते १९वे. साउथ कॅरोलायना, मिझुरी दोघंही एसईसी या कॉन्फरन्समधले (कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या युनिव्हर्सिटींचा गट), आम्ही बिग टेन कॉन्फरन्समधले.

माझे बाबा नागपूरहून तीन महिन्यांसाठी आलेत. आयुष्यभर रणजी बघितलेला माणूस, विदर्भ हरायचा तेव्हापासून. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि मला एकाचंही धड उत्तर देता आलं नाही. पहिला, सारखेच सामने जिंकले आणि सारखेच हरले तर पाच नंबरांचा फरक कुठून आला? दुसरा, हा सामना जिंकून विजेतेपद मिळणार नाही, प्लेऑफमध्ये जाता येणार नाही, मग हा कशासाठी खेळायचा? आणि त्यातून माझा तिसरा, आम्ही तिघांनी अकराशे मैलांच्या वर जाऊन तो बघायचा का? विमानाची तिकिटं ख्रिसमसच्या आठवड्यात भयंकर महाग आहेत, गाडीने जायचं तर बाबांना इतका वेळ बसवणार नाही, एका रात्रीचा मुक्काम धरावा लागेल.

जाणकारांनी सांगा प्लीज.

---

जुना_शनिवार | ११ डिसेंबर

अॅन आर्बरला म्हणजे मिशिगन युनिव्हर्सिटीच्या गावात वीस वर्षं काढलीत, १९ ऑक्टोबरची जखम ताजी आहे, तरी प्रामाणिकपणे सांगतो की १५ आणि २० बरोबर आहे.

९-३ हा नुसता आकडा झाला, कमिटीचे १३ जण बघतात कोणाशी जिंकलात आणि कसे हरलात. साउथ कॅरोलायनाचे तीन पराभव बघा: एलएसयूकडून ३६-३३, अलाबामाकडून २७-२५ आणि ओल मिसकडून २७-३. म्हणजे दोन तर हातातोंडाशी आलेले. शेवटचे सहाच्या सहा जिंकले, त्यात टेक्सस ए अँड एमला ४४-२० आणि शेवटच्या शनिवारी क्लेम्सनच्या घरी जाऊन १७-१४. तीच क्लेम्सन पुढच्या आठवड्यात एसीसी या कॉन्फरन्सची चॅम्पियन झाली. आता इलिनॉय: ओरेगनकडून ३८-९, पेन स्टेटकडून २१-७, ठीक आहे, दोन्ही टीम प्लेऑफमध्ये आहेत, पण घरच्या मैदानावर मिनेसोटाकडून २५-१७ हरलात. पर्ड्यूला हरवलं पण ५०-४९ आणि तेही ओव्हरटाइममध्ये, आणि पर्ड्यूने अख्ख्या सीझनमध्ये एकच सामना जिंकलाय. सगळ्यात मोठा विजय आमच्यावरचा आणि आम्ही ७-५.

यात कॉन्फरन्सचा पक्षपात शोधायची गरज नाही.

---

नेपरव्हिलकर | ११ डिसेंबर

दादा, इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. पर्ड्यूचं मान्य, तो सामना बघताना हातपाय गार पडले होते. पण मिझुरीला साउथ कॅरोलायनाने हरवलं, अलाबामाने ३४-० हरवलं, टेक्सस ए अँड एमने ४१-१० हरवलं, त्यांचा मोठा विजय कुठला मला सापडत नाही, तरी ते आमच्या एक पायरी वर. तिथे मला कॉन्फरन्सचं नावच दिसतं.

---

ओकच्या_सावलीत | १२ डिसेंबर

नेपरव्हिलकर, तुमची शंका अगदी रास्त आहे. मी टॅलाहसीला, फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीच्या गावात राहतो, म्हणजे गेल्या वर्षीची गोष्ट आमच्या घरातली. फ्लोरिडा स्टेट १३-०, एसीसी चॅम्पियन, एकही पराभव नाही, आणि तेव्हाच्या चार टीमच्या प्लेऑफमधून बाहेर, पाचव्या नंबरवर. चौथी अलाबामा, १२-१. कारण असं दिलं की क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय नोव्हेंबरात मोडला, आता ही ती टीम नाही. म्हणजे जिंकलेल्या सामन्यांपेक्षा पुढे काय होईल याचा अंदाज मोठा ठरला. ते वाक्य टीव्हीवर ऐकलं तेव्हा घरात कोणी बोललं नाही. माझा मुलगा हायस्कूलला खेळतो, त्याला काय सांगायचं की सगळे जिंक आणि मग बघू?

कॉन्फरन्सची ताकद हा हिशोब गोल गोल फिरतो, हे माझं ठाम मत. सीझनच्या आधीच्या पोलमध्ये (मतदानाने ठरणाऱ्या क्रमवारीत) एसईसीच्या सहा-सात टीम वर असतात, मग त्या आपापसात खेळतात, हरणारा चांगल्या टीमशी हरला म्हणून खाली येत नाही आणि जिंकणारा चांगल्या टीमला हरवलं म्हणून वर जातो. त्यात यंदा, २०२४ला, ते कॉन्फरन्सचे आठ सामने खेळले आणि बिग टेन नऊ. नववा सामना म्हणजे अर्ध्या टीमना हमखास एक जास्तीचा पराभव.

पण बोलचं विचाराल तर सावध करतो. गेल्या वर्षी त्या दुःखात आम्ही ऑरेंज बोलला मायामीला गेलो. जॉर्जियाने ६३-३ हरवलं. वीसच्या वर खेळाडू आलेच नव्हते, कोणी ड्राफ्टची (एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीची) तयारी म्हणून, कोणी ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे दुसऱ्या युनिव्हर्सिटीत जायच्या नोंदणीत. ज्यांना बघायला गेलो ते मैदानावर नव्हते. जे होते ती पोरं शेवटपर्यंत खेळली, त्यांच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या, पण परतीच्या रस्त्यावर मुलगा एक शब्द बोलला नाही. तेव्हा तिकिटं काढायच्या आधी दोन्हीकडून कोण खेळतंय ते बघा. पोर्टल ९ तारखेलाच उघडलंय, २८पर्यंत नावं येत राहतील.

---

जुना_शनिवार | १२ डिसेंबर

ओकच्या_सावलीत, तुमचं दुःख समजतं, त्या निर्णयाशी मीही सहमत नव्हतो. पण यंदा उलटं झालंय ना? अलाबामा ९-३ ला बाहेर ठेवली, ११-२ची एसएमयू घेतली. व्हँडरबिल्टकडून ४०-३५ आणि ओक्लाहोमाकडून २४-३ हरल्यावर एसईसीचं नाव उपयोगी पडलं नाही. आणि यंदाच्या बारा टीमच्या प्लेऑफमध्ये बिग टेनच्या चार टीम आहेत, एसईसीच्या तीनच.

---

प्लेट_ग्रुप | १३ डिसेंबर

मी पुण्याहून वाचतोय, या खेळातलं फार कळत नाही, गेली दोन वर्षं हायलाइट्स बघतो. पण नेपरव्हिलकर ताईंच्या बाबांसाठी लिहितो, कारण त्यांना हे लगेच कळेल.

कॉन्फरन्स म्हणजे आपल्या रणजीचे जुने झोन. वेस्ट झोनमध्ये मुंबई, बडोदा, महाराष्ट्र, तिथे तिसरा येणारा आणि सेंट्रल झोनमध्ये तिसरा येणारा सारखाच का, हा वाद आपल्याकडे वर्षानुवर्षं चालला. पुढे २००२-०३ला झोन मोडून एलिट (वरचा) आणि प्लेट (खालचा) असे गट केले. आणि २०१०-११ला काय झालं? प्लेटमधल्या राजस्थानने हैदराबादला २१ धावांत गुंडाळलं आणि थेट रणजी जिंकली. सीझनच्या आधी कोणी यादी केली असती तर राजस्थान शेवटच्या पानावर असतं. त्यांना बाद फेरीचं दार उघडं होतं म्हणून ते कळलं. म्हणून मला बाराची प्लेऑफ चारपेक्षा फार बरी वाटते. ताकद मैदानावर तरी ठरते.

---

नेपरव्हिलकर | १३ डिसेंबर

हे बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं! ते म्हणाले त्यांना लिहून कळव की विदर्भालाही सगळे दुबळाच धरायचे, २०१७-१८ला फायनलमध्ये दिल्लीला नऊ विकेटांनी हरवेपर्यंत. इंदूरचा तो सामना त्यांनी घरी टीव्हीसमोर बसून पाहिला, आणि फैज फजलच्या हातात करंडक बघून शेजाऱ्यांना पेढे वाटले होते. आता ते म्हणतात की मग साउथ कॅरोलायनाशी खेळल्याशिवाय १५ खरे का २० खरे कळणारच नाही, सामना कशासाठी याचं उत्तर त्यांचं त्यांना मिळालं.

पण तिकिटांचा प्रश्न अजून तसाच आहे.

---

ट्रंपेटची_आई | १४ डिसेंबर

ताई, मी बँडवाल्या मुलाची आई, दुसऱ्या युनिव्हर्सिटीची, दोन बोल केलेत, तर कामाचं सांगते.

एक म्हणजे तिकीट युनिव्हर्सिटीच्या कोट्यातूनच घ्या. शाळेला बोलकडून ठराविक तिकिटं विकायला मिळतात, ती आपल्या लोकांच्या बाजूला आणि बहुतेक वेळा बँडच्या जवळची असतात. आम्ही पहिल्या वर्षी बाहेरून स्वस्त मिळाली म्हणून घेतली आणि समोरच्या टीमच्या गर्दीत बसलो, मुलगा दिसलाच नाही. बँड युनिव्हर्सिटीबरोबर जातो, त्यांचा दिवस सकाळपासून बांधलेला असतो, त्यामुळे लेक तुम्हाला सामन्यानंतर दहा-पंधरा मिनिटं भेटली तर भेटली, ही तयारी मनाशी ठेवा. बाबांसाठी व्हीलचेअरची गरज असेल तर स्टेडियमला आधी फोन करा. डिसेंबरात ऑर्लँडोला संध्याकाळी गार होतं, स्वेटर घ्या.

आणि जावं का, तर हो. शेवटचं वर्ष आहे तिचं. प्लेऑफच्या बारा टीम सोडून बाकीच्या खेळाडूंचा, बँडचा, चीअरच्या पोरांचा हाच शेवटचा सामना. बहुतेक पोरं एनएफएलला जाणार नाहीत, ती युनिफॉर्म घालतात ते शेवटचं. कोचलाही पंधराएक जास्तीचे सराव मिळतात, पुढच्या वर्षीची लहान पोरं त्यात तयार होतात. एक-दोन मोठी नावं आली नाहीत म्हणून सामना पोकळ होत नाही असं मला मनापासून वाटतं.

---

ओकच्या_सावलीत | १५ डिसेंबर

ताईंचं पटतंय. मला वाटतं फरक एवढाच की आमच्या पोरांकडून काहीतरी काढून घेतलं होतं आणि बदल्यात तो बोल दिला होता. इलिनॉयला हा बोल कमावून मिळालाय. सिट्रस जुना आहे, १९४७पासूनचा, तेव्हा टँजरीन बोल म्हणायचे. जा तुम्ही. आणि तुमचा क्वार्टरबॅक ल्यूक आल्टमायर खेळणार असेल तर नक्कीच जा.

---

नेपरव्हिलकर | २२ डिसेंबर

तिकिटं काढली, कोट्यातूनच. गाडीनेच जातोय, जाताना टेनेसीत मुक्काम. परवा आणि काल पहिल्या फेरीचे चारही सामने बाबांबरोबर बघितले. बिग टेनची इंडियाना नोत्र दामकडून २७-१७ हरली आणि समालोचक लगेच म्हणायला लागले की यांचं वेळापत्रकच सोपं होतं. रात्री बिग टेनच्याच ओहायो स्टेटने एसईसीच्या टेनेसीला ४२-१७ हरवलं, तेव्हा मात्र वेळापत्रकाबद्दल कोणी फारसं बोललं नाही. बाबांनी हे स्वतःहून टिपलं. ओकच्या_सावलीत, तुमचा गोल हिशोब त्यांना आता पाठ आहे.

---

नेपरव्हिलकर | १ जानेवारी २०२५

ऑर्लँडोहून लिहितेय, हॉटेलमध्ये सगळे झोपलेत. २१-१७. जिंकलो. दहा विजय, २००१ नंतर पहिल्यांदा. आल्टमायर खेळला, जॉश मॅकरेने धावून धावून त्यांचा बचाव दमवला आणि एमव्हीपी (सामनावीर) झाला. मध्ये दोन्ही कोचची मैदानातच जुंपली, साउथ कॅरोलायनाचे बीमर इतके चिडले की त्यांना आवरावं लागलं. बाबा म्हणाले, हा सामना कोणाला नको होता असं वाटत नाही. शेवटच्या मिनिटांत साउथ कॅरोलायना पुन्हा पुढे सरकत होती तेव्हा आमच्या भागात कोणी बसलेलं नव्हतं, ७८ वर्षांचे बाबाही उभे होते.

लेक भेटली. बारा मिनिटं. टोपी काखेत, डोळे सुजलेले, क्लॅरिनेट हातात तशीच. आजोबांना घट्ट मिठी मारून म्हणाली की शेवटचं गाणं वाजवताना ओठ थरथरत होते, सूरच लागेना.

जुना_शनिवार, तुमच्याशी अजून थोडं भांडण बाकी आहे. आम्ही १५व्या टीमला हरवलं, पण कमिटीची यादी ८ डिसेंबरलाच संपली, बोलनंतर ते पुन्हा रँकिंग करतच नाहीत. म्हणजे त्यांच्या कागदावर आम्ही कायमचे २०वे. हे मला मुळीच पटलेलं नाही.

---

जुना_शनिवार | १ जानेवारी

मनापासून अभिनंदन! भांडण मान्य. मी १५ आणि २० बरोबर म्हणालो होतो, काल सामना बघून तसं म्हणवत नाही. आमच्या मिशिगननेही काल अलाबामाला १९-१३ हरवलं, तेव्हा बिग टेनचा दिवस होता. एपी या वृत्तसंस्थेचा पोल १९३६पासून चालू आहे आणि तो बोल धरून शेवटची यादी काढतो, फायनलनंतर. तिथे तुम्ही वर सरकाल.

---

नेपरव्हिलकर | २ जानेवारी

बाबा १२ तारखेला नागपूरला परत जातायत. फायनल २० जानेवारीला आहे, त्यांना तिकडून बघायचीय. भारतात किती वाजता असेल?

---

प्लेट_ग्रुप | २ जानेवारी

२१ला सकाळी सहाला, ताई. मीही उठणार आहे, बाबांना माझा नमस्कार सांगा.