खरी अडचण मूल्यमापनाच्या रकान्यात
रुग्णाची नोंद तक्रार, तपासण्या, मूल्यमापन आणि योजना अशा चार भागांत लिहायच्या पद्धतीला 'सोप' (SOAP) साचा म्हणतात. हा साचा विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतला की नोंदी सुधारतात, असं काहींचं मत आहे; त्याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. रुग्णाची तक्रार आणि तपासण्या विद्यार्थी नीट भरतात. अडतात ते मूल्यमापनात. 'मधुमेह नियंत्रणात नाही, मेटफॉर्मिन सुरू ठेवा' एवढ्यावर थांबतात. ईजीएफआर (मूत्रपिंडं किती काम करतात हे दाखवणारा आकडा) २८ असल्याचं त्यांनीच वर लिहिलेलं असतं, आणि तो ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन देऊ नये हेही त्यांना ठाऊक असतं! दोन्ही जोडायला मात्र कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून मी गुण देताना आधी 'का?' शोधते. योजनेत नुसतं 'लक्ष ठेवा' तर मुळीच चालवून घेऊ नका: कोणती तपासणी, किती दिवसांनी, कोणता आकडा आला तर डॉक्टरांना कळवायचं, हे लिहिलेलं हवंच.