मदत हवी आहे: दारूबंदीच्या गावात नर्सची नोकरी, डिक्कीत काय चालतं?

नमस्कार मंडळी,

मी नर्स, दोन वर्षांपासून ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जला. पुढच्या महिन्यात सहा आठवड्यांसाठी तनामी रस्त्यावरच्या एका आदिवासी गावातल्या दवाखान्यात जायचं आहे. गाव 'ड्राय' आहे. नवरा गाडीने सोडणार. परवा डिक्की आवरताना स्टेपनीशेजारी मागच्या दिवाळीची वाइनची बाटली निघाली आणि पोटात गोळाच आला. वाटेत तपासणी झाली तर नुसता दंड होतो की गाडीच जाते? शिवाय आईने होमिओपॅथीचे थेंब पाठवलेत, झाकण उघडलं की भपकन वास येतो. ते न्यावेत का?

आता खरं दुखणं. एक सहकारी म्हणाली, "स्टाफला दारू ठेवायचं परमिट मिळू शकतं, अर्ज टाकून ठेव." मी वरोऱ्याची. चंद्रपुरात 2015 ला बंदी आली ती बायकांनी मोर्चे काढून मागून घेतली होती, त्यात माझी आईही चालली. 2021 ला बंदी उठली तेव्हा आई दोन दिवस नीट जेवली नाही. (मधल्या काळात आमच्याच गल्लीत भाजीच्या पोत्याखालून बाटल्या यायच्या, हेही सांगते.)

इथली बंदी कोणी मागितली तेच कळत नाही. 2007 मध्ये केंद्र सरकारने वंशभेदविरोधी कायदा बाजूला ठेवून ती लादली. गावांच्या वेशीवर मोठाले निळे फलक लावले, दारू बंद आणि अश्लील चित्रं बंद, दोन्ही एकाच फलकावर. आपल्या गावाच्या वेशीवर असं लावलं असतं तर? जुलै 2022 ला या बंदीच्या कायद्याची मुदत संपली, ॲलिसमध्ये मारामाऱ्या वाढल्या, जानेवारी 2023 मध्ये पंतप्रधान येऊन गेले, सोमवार-मंगळवार बाटली घरी न्यायला बंद झाली आणि फेब्रुवारीत गावांची बंदी परत आली.

एकदा दारूच्या दुकानाच्या दारात वर्दीवाल्याने माझ्या पुढच्या आजीला ओळखपत्र मागितलं, कुठे राहता, कुठे बसून पिणार, सगळं विचारलं. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. तेव्हापासून परमिट या शब्दाचीच लाज वाटते.

तर गावातल्या लोकांना स्वतःला बंदी हवी आहे का, हे कुणाला विचारावं? की पाहुण्या बाईने विचारूच नये?

डार्विनकर:
ताई, बाटली घरीच ठेवा. गाडी जप्त करायचा अधिकार पोलिसांना आहे, 'चुकून राहिली' हे तिथे रोज ऐकतात. थेंबांचं लेबल फाडू नका, म्हणजे झालं. आदिवासी जमिनीवर जायला त्या जमिनींचा कारभार बघणाऱ्या लँड कौन्सिलचं प्रवेशपत्र लागतं, यजमानांचंही काढा. आणि एक गैरसमज काढून टाका. आपल्या नॉर्दर्न टेरिटरी प्रांतातल्या गावांना आपण होऊन दारूबंदी मागायची सोय 1979 च्या दारू कायद्यापासून आहे. निळे फलक लागण्याआधीच कित्येक गावं कोरडी होती. फलकाचा राग आला तो नेमका यांनाच, आम्ही केलेलं काम तुम्ही आमच्यावर का लादता म्हणून.

पर्थवाली:
तुमच्याच रस्त्यावरचं युएंडुमू. तिथल्या वयस्क वार्लपिरी आदिवासी बायका 1990 च्या दशकात हातात काठ्या घेऊन रात्रीची गस्त घालायच्या. तुमच्या आईंना सांगा, आवडेल. आमच्याकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात फिट्झरॉय क्रॉसिंगला 2007 मध्ये तिथल्या आदिवासी नेत्या जून ऑस्कर आणि इतर बायकांनी मागणी लावून धरली, मग 2.7 टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेली दारू दुकानातून घरी न्यायला बंद झाली. गावातल्याच कित्येकांनी त्यांना शिव्या दिल्या. त्यामुळे 'गावाला काय हवं' याचं एकच उत्तर मिळेल असं धरून जाऊ नका. पहिल्या आठवड्यात तर विचारूच नका. दवाखान्यातल्या आदिवासी आरोग्यसेविकेसोबत चहा प्या, ती काढेल तेव्हा विषय निघेल. सहकाऱ्यांच्या घरी कोणी ग्लास पुढे केला तर आम्ही घेत नाही म्हणायचं. मराठी माणसाला हे जमतं.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. परमिटचा अर्ज टाकत नाही. आईला काठ्यांचं सांगितलं, तर विचारते, त्या बायका अजून आहेत का, त्यांना फोन लावून दे. आणि आत्ता स्टेपनीखाली परत हात घातला, बिअरचा एक कॅन निघाला. यजमान म्हणतात माझा नाही.