शेड्यूलर ‘सुधारला’ म्हणजे नेमकं काय मोजलं?

कोरडाठाक (धागाकर्ता):
लिनक्सच्या शेड्यूलरचा, म्हणजे कुठलं काम प्रोसेसरवर कधी चालवायचं ते ठरवणाऱ्या भागाचा, पॅच (कोडमधला बदल) आला की मागोमाग हॅकबेंच या वेगचाचणीचा आकडा येतो. इतके टक्के वेग वाढला, टाळ्या! हॅकबेंचमध्ये शेकडो प्रोसेस एकमेकींना निरोप धाडत बसतात. माझ्या घरी असलं काही चालत नाही. माझं दुखणं वेगळं आहे: मागे कंपाइल (कोडपासून प्रोग्रॅम बनवणं) सुरू असलं की गाणं अडखळतं. हजारातलं एकच टास्क अर्धा सेकंद ताटकळलं, तर सरासरी हलते अर्ध्या मिलिसेकंदाने. कानाला मात्र नेमकं तेच टोचतं.

2009 साली कॉन कोलिवास या ऑस्ट्रेलियातल्या भूलतज्ज्ञाने डेस्कटॉपसाठी बीएफएस नावाचा शेड्यूलर लिहिला. तेव्हाचा मुख्य शेड्यूलर लिहिणाऱ्या इंगो मोल्नारने तो 16 लॉजिकल कोअरच्या (म्हणजे सिस्टिमला 16 प्रोसेसर दिसणाऱ्या) मशीनवर, कर्नल बिल्डसारख्या (लिनक्सचा गाभा कंपाइल करण्याच्या) चाचण्यांत, मुख्य शेड्यूलरपेक्षा मागे पडतो असं दाखवलं. म्हणजे रिक्षा महामार्गावर पळवून नापास करायची.

पाइपलाइन:
रिक्षा छान आहे, पण बीएफएसवाल्यांचं ‘हलकं वाटतं’ हे मोजमाप नव्हे. ऑइल बदललं की स्कूटरही हलकी वाटते, निदान पहिला आठवडा. त्याच भांडणात कर्नल डेव्हलपर येन्स अॅक्सबोने ‘लॅट’ नावाचं टूल लिहिलं. जागं केलेलं टास्क प्रत्यक्ष चालायला किती उशीर लागतो, ते मोजणारं. तुमचं दुखणं आकड्यात आलं, तेव्हा कुठे त्यावर नीट बोलता आलं.

कोरडाठाक:
आकडा हवाच हो, पण कुणाचा? माइक गॅलब्रेथचा ऑटोग्रुप पॅच घ्या, लिनक्स 2.6.38 मध्ये आलेला. एका सेशनमधल्या (साधारण एका टर्मिनल खिडकीतल्या) टास्कांचा एक गट. 64 जॉब्ज (एकाच वेळी चालणारी कामं) लावून कर्नल कंपाइल करा, त्या सगळ्यांना मिळून एकच वाटा, त्यामुळे ब्राउझर सुरळीत. लिनक्सचा जनक टोरवाल्ड्स बेहद्द खूश. कंपाइलचं घड्याळ लावून बसला असता, तर या पॅचमध्ये काही दिसलंच नसतं.

रात्रपाळी:
मधे तोंड घालतो. मीही एकदा आठवडाभर आपल्या पॅचवर खूश होतो. मग कळलं, जुना कर्नल बॅटरीवर मोजला होता आणि नवा चार्जर लावून! तेव्हापासून गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) पक्का ठेवतो आणि जुना-नवा-जुना-नवा असे आळीपाळीने रन घेतो. सगळे जुने आधी घेतले, तर नव्याच्या वाट्याला तापलेली चिप येते. 2009 च्याच एका शोधनिबंधात एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सचा (प्रोग्रॅमला सिस्टिमकडून मिळणाऱ्या सेटिंग्जचा) आकार बदलल्यानेसुद्धा प्रोग्रॅमचा वेग हललेला दाखवलाय. त्यामुळे एकाच रनवर दोन-तीन टक्के सांगणाऱ्याला मी चहासुद्धा विचारत नाही.

पाइपलाइन:
रात्रपाळी, सही. पण कोरडाठाक, थ्रूपुटला, म्हणजे ठरावीक वेळात एकूण किती काम उरकतं त्याला, इतकं हिणवू नका. 2016 च्या ‘वेस्टेड कोअर्स’ निबंधातल्या बगांमध्ये काही कोअर रिकामे बसायचे आणि शेजारी रांग लागलेली. त्यापायी कर्नल बिल्डला 13 टक्के जास्त वेळ आणि एका डेटाबेसच्या थ्रूपुटमध्ये 14 ते 23 टक्के घट. हे काय कानाने ऐकणार होतात?

कोरडाठाक:
नाही, ते ऐकू आलं नसतं. पण ते पकडायलाही लेखकांना वेगळी साधनं बनवावी लागली, नुसतं बेंचमार्क चालवून भागलं नाही. असो, आज रात्री कंपाइल लावून, शेड्यूलरचे विलंब टिपणाऱ्या ‘पर्फ शेड’ची नोंद घेतो.

पाइपलाइन:
घ्या. सरासरीचा रकाना सोडून कमाल विलंबाचा बघा, आणि प्लेअरच्या थ्रेडचा. इथे टाका, मग भांडू.

रात्रपाळी:
चार्जर लावून.